गाडी बिघडली की एरमेक येतो

४ मार्च, शनिवार

आज पुन्हा दिवसभर 'वहिनी, वहिनी'! 'वहिनी, जरा चिंधी द्या.' 'वहिनी, गरम पाणी मिळेल का?' आणि म्हातारीला, माझ्या सासूला — 'आई, तू थंडीत बसू नकोस गं.' मला तुम्ही, तिला तू.

एरमेकला जन्म मी दिला. हे काही गुपित नाही, साऱ्या गल्लीला ठाऊक आहे. पहिलं मूल आजी-आजोबांचं, ही आमच्यातली रीत. तो तालासला माझ्या सासू-सासऱ्यांकडे वाढला, त्यांना आई-बाबा म्हणत. माझा नवरा कुबात त्याचा बाप, पण त्याचा दादा झाला. आणि मी वहिनी. सणावाराला भेटायचा, पाहुण्यासारखा. सासरे वारले तेव्हा सासूबाई आमच्याकडे कारा-बाल्टाला राहायला आल्या आणि नवरीबरोबर पाठराखीण यावी तशी सासऱ्यांची ही जुनी जर्मन गाडी त्यांच्याबरोबर आली. तेव्हापासून एरमेक दर शनिवारी बिश्केकहून येतो. तिथे तो लिफ्ट दुरुस्त करतो. इथे आला की बाबांची गाडी दुरुस्त करतो.

आज स्टिअरिंग. चाक वळवलं की रेड्याला दाबल्यासारखा आवाज. खाली हिरवं तेल सांडलेलं. साधं तेल तिला चालत नाही, जर्मन बाई! हिरवंच लागतं, लिटरला सातशे सोम. वरून पाइप, जुना का होईना, अठराशे. मी म्हटलं, मी देते. तर सासूबाई म्हणाल्या, 'तू कशाला? माझा मुलगा, माझी गाडी.'

जेवताना मांसाचा चांगला तुकडा त्याच्या ताटात त्यांनीच टाकला. शिजवलं होतं मी.

५ मार्च

त्याला चहा गार करून आवडतो. सासूबाई आधीच ओतून ठेवतात. मला हे काल कळलं. पंचविशी उलटलेल्या पोराची आवड मला काल कळते!

११ मार्च, शनिवार

कुबातला गाडी विकायचीय. त्याच्या कामावरचा एक जण एक लाख दहा हजार द्यायला तयार आहे. आज चहाच्या वेळी त्यानं विषय काढला.

'आई, ही गाडी नव्हे, जळू आहे. या हिवाळ्यात बॅटरी, सेल्फ, पुढचे दोन बॉल जॉइंट. एवढ्या पैशात दोन मेंढ्या आल्या असत्या.'

'मेंढ्यांवर बसून दवाखान्यात जाशील का?' सासूबाई.

'त्या निदान वेळेवर पोहोचवतील मला.'

एरमेक हसला. सासूबाई नाही हसल्या. शांतपणे म्हणाल्या, 'विक. मग मी बिश्केकला पोराकडे राहायला जाते. इथे माझं काय आहे?'

माझा हात चहाच्या किटलीवर तसाच राहिला. म्हातारी गेली की शनिवार गेले! गाडी नाही, म्हातारी नाही, मग तो कशाला येईल? वहिनीला भेटायला?

मग मीच बोलले. म्हटलं, अहो, एवढ्यात कशाला विकता, आताच तर पाइप घातलाय, हिचं इंजिन चांगलं आहे. कुबात माझ्याकडे बघतच राहिला. ज्या गाडीला मी दोन वर्षं शिव्या घालतेय तिची वकिली मी करत होते. सासूबाईंनीही बघितलं. त्या फार बघतात.

२१ मार्च, नोरूझ

नव्या वर्षाचा सण. रात्रभर ढवळलेलं सुमोलोक, मोड आलेल्या गव्हाची खीर, घेऊन नणंदेकडे निघालो, सासूबाई पुढच्या सीटवर. रस्त्यात आतल्या हीटरची गरम पाण्याची जाळी फुटली. पाणी थेट सासूबाईंच्या पायावर, काचा आतून धुरकटलेल्या, कुबात आंधळ्यासारखा चालवतोय. एरमेक मागून उडी मारून उतरला, दार उघडून त्यांना लहान मुलासारखं उचललं आणि रस्त्याकडेला नेऊन बसवलं. जाड मोजे होते म्हणून भाजलं नाही. तो गुडघ्यावर बसून त्यांचे पाय चोळत होता. 'आई, लागलं का? आई, सांग ना.'

मी सुमोलोकचं पातेलं धरून उभी. माझ्याही चपलेत पाणी गेलं होतं.

आतली ती जाळी बदलायची तर अख्खा डॅशबोर्ड काढावा लागतो. सुटा भाग नऊशेचा आणि मजुरी पाच हजार. एरमेक म्हणाला मी करतो, दोन शनिवार लागतील. मला आनंद झाला. आधी पायाचा विचार यायला हवा होता, पण खरं ते खरं.

२५ मार्च, शनिवार

एरमेक बायकोला, बेगायिमला घेऊन आला. शरदात लग्न झालंय त्यांचं. शिवणाच्या कारखान्यात कामाला जाते, अबोल पोरगी. ती मला 'जाऊबाई' म्हणते! हिशेबानं बरोबरच आहे, दादाची बायको म्हणजे जाऊबाई. माझ्या सुनेची मी जाऊ. सांगू कुणाला?

६ एप्रिल, गुरुवार

सासूबाई काल तालासला गेल्या, एका नातलगाच्या वर्षश्राद्धाचं जेवण आहे. आठवडाभर तिकडेच.

एरमेकनं संध्याकाळी फोन केला — 'वहिनी, आई नाहीये, डॅशबोर्ड बसवून झालाय, या शनिवारी नाही आलो तर चालेल ना?'

मी म्हटलं, चालेल की.

फोन ठेवला. मग बाहेर गेले. बॉनेट उघडलं. गाडीतल्या पेट्रोलच्या पंपाचा रिले म्हणजे काड्यापेटीएवढा काळा डबा, मागच्या महिन्यात त्यानंच दाखवला होता, 'हा गेला की गाडी मेली.' उपटला आणि तांदळाच्या डब्यात घातला. अर्ध्या तासानं त्याला फोन. 'एरमेक, गाडी सुरूच होत नाहीये रे. दादा सोमवारी कामावर कसे जाणार?'

मी दुकानात लोकांना औषधं मोजून देते. डोकं दुखतं म्हणून सांगणाऱ्या निम्म्या लोकांचं डोकं दुखत नसतं, हे मला चेहरा बघून कळतं. आज मी त्यातलीच.

८ एप्रिल, शनिवार

आला. कुबात मित्राच्या घराचं छप्पर घालायला गेलेला. घरात आम्ही दोघंच. पहाटेपासून मी कणीक मळत होते, त्याला तळलेले बोरसोक आवडतात हे मला माहीत आहे — हे तरी.

बॉनेट उघडलं. एक मिनिट बघितलं. मग माझ्याकडे वळून म्हणाला, 'वहिनी, रिले कुठे ठेवलाय?'

मी म्हटलं, कसला रिले?

'रिले जळतात, वहिनी. चालत कुठे जात नाहीत.'

गुपचूप तांदळाचा डबा आणून दिला. त्यानं रिले झटकला, फुंकला, बसवला. किल्ली फिरवली, गाडी सुरू. माझा चेहरा लाल झाला असणार. आणि तो हसत होता! रागावला असता तर बरं झालं असतं.

'आईपण हेच करते,' तो म्हणाला. 'ती प्लगची वायर ढिली करते. निदान गाडीतच ठेवते.'

माझी लबाडीसुद्धा उष्टी! त्यातही म्हातारीचा नंबर पहिला.

पण मग तो बसला. मी चहा ओतला आणि मुद्दाम गार होऊ दिला. त्यानं कप उचलला, तो गार आहे हे त्याच्या लक्षात आलं, आणि तो सगळा प्यायला. बोरसोक खाता खाता म्हणाला, 'बेगायिमला दिवस गेलेत.' मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. ग्रीजचा वास येत होता. त्यानं डोकं हलवलं नाही.

मला सांगितलं. मला, आधी!

९ एप्रिल

दुकानात दिवसभर गुणगुणत होते. एका म्हाताऱ्याला मोड परत देताना शंभर सोम जास्त दिले, त्यानं प्रामाणिकपणे परत केले.

१३ एप्रिल

सासूबाई आल्या. मी म्हटलं, आई, तोंड गोड करा, एक बातमी आहे. बातमी आणणाऱ्याला काहीतरी द्यायचं असतं ना!

'बेगायिमची ना? मला महिना झाला कळून,' पिशवी उतरवत म्हणाल्या. 'एरमेकला मी तेव्हाच बाबांचं घड्याळ दिलं.'

त्यानंतर मी भांडी घासली. सगळी. स्वच्छ होती तीसुद्धा.

२० मे, शनिवार

व्हायचं ते झालं. काल कुबात डोंगरातल्या कुरणावर मित्राचं सामान पोहोचवायला गेला. चढावर पंखा बंद पडला. पंख्याचं बटण तीनशे सोमचं, एरमेक महिनाभर सांगत होता बदला म्हणून. काटा लालमध्ये गेलेला दिसला तरी हा थांबला नाही. 'वर पोहोचून बघू म्हटलं.' वर पोहोचला तो पांढऱ्या धुरातच. खाली ट्रकला बांधून आणली.

एरमेकनं तेलाचं झाकण काढून दाखवलं. आत दुधाच्या चहासारखं पिवळट. तेलात पाणी. हेड गॅस्केट, इंजिनच्या झाकणाखालची पट्टी, गेलं; ते झाकण म्हणजे हेडही वाकलं असणार. गॅस्केटचा संच, हेड घासून सपाट करणं, बोल्ट, टायमिंग बेल्ट, पाण्याचा पंप — उघडलंच आहे तर तेही करायला हवं — सगळं मिळून एकवीस हजार, मजुरी सोडून. दुसरं जुनं इंजिन बसवायचं तर चाळीस, आणि त्याच्या पोटात काय रोग आहे ते देव जाणे.

'भंगारात पंचवीस येतील,' कुबात म्हणाला. स्वतःच जाळून वर भाव सांगतोय!

सासूबाई उठल्या, आत गेल्या, पेटी उघडल्याचा आवाज आला. पांढऱ्या रुमालातले पैसे आणून टेबलावर ठेवले. आम्हा सगळ्यांना माहीत होतं ते कसले ते. आमच्याकडच्या म्हाताऱ्या स्वतःच्या मातीचे पैसे स्वतः साठवतात. कफनाचं कापड, वाटायचे रुमाल, घोड्याच्या मांसाला लागेल तेवढी रक्कम. त्याला कुणी हात लावत नाही.

'आई, हे नाही,' एरमेक म्हणाला.

'मी काय उद्या मरते का? इंजिन नसेल तर मला न्याल कशातून?'

कुबात बाहेर निघून गेला. मी स्वयंपाकघरात गेले तर त्या मागून आल्या. हळूच म्हणाल्या, 'सूनबाई, तुलाही तो दर शनिवारी हवाच असतो ना. मग गप्प राहा आणि चहा ठेव.'

माझ्यावरही उपकार करून ठेवला. आता मनातल्या मनात शिव्या देणंही अवघड झालं.

१७ जून, शनिवार

अंगणात इंजिन उघडून पडलंय. हेड बिश्केकला घासायला दिलं होतं, आज परत आणलं. मी जुन्या चादरीवर एकेक बोल्ट ओळीनं मांडते, रॉकेलनं धुते. कुठला कुठे बसतो मला कळायला लागलंय. शेजारीण कुंपणावरून म्हणाली, 'सायकाल, आता औषधं सोडून गॅरेज काढ.'

एक बोल्ट मागच्या बाजूला होता, भिंतीला चिकटून. त्याचा हात जाईना. 'वहिनी, हात बघू तुमचा,' म्हणाला. माझा पंजा हातात धरून त्यानं वळवून बघितला. 'जाईल. तू घाल.'

तू!

त्याला कळलंही नाही. मी बोटांनी चाचपत बोल्ट लावला, तीन आटे, मग तो पान्यानं आवळत गेला. आमची डोकी एकमेकांना लागत होती. त्याच्या कानामागे तीळ आहे. जन्मला तेव्हा होता का, मला आठवेना.

सासूबाईंनी खिडकीतून हाक मारली, 'एरमेक, चहा.' तो म्हणाला, आलो. पाच मिनिटांनी पुन्हा हाक. मग तिसऱ्यांदा स्वतः बाहेर आल्या, कंबरेवर हात ठेवून उभ्या. मी मान वर केली नाही. पण मला त्यांचा चेहरा बघायचा होता, आणि बघितला. तो चेहरा माझ्या ओळखीचा आहे, मी रोज आरशात बघते.

फार बरं वाटलं. लाजही वाटली, पण बरं जास्त वाटलं.

१ जुलै

आज पुन्हा 'तुम्ही'.

१५ जुलै, शनिवार

कसं लिहू?

जेवण झालं होतं. बेगायिम चहा ओतत होती, पोट आता चांगलंच दिसतं. सासूबाईंनी घसा खाकरला. 'या घरात एक गोष्ट बोलायची राहिली आहे. येणारं मूल पहिलं आहे. रीतीनं ते माझ्याकडे यायला हवं. पण माझ्या गुडघ्यांत आता रांगत्या पोरामागे धावायचं बळ नाही. ते सायकालला द्या.'

कुबातनं कप खाली ठेवला.

'तिचं मी घेतलं होतं,' त्या म्हणाल्या. 'ती तेव्हा एक शब्द बोलली नाही.'

बोलू कशी? एकोणीस-वीस वर्षांची सून, सासऱ्यांसमोर मान वर करायची नाही, त्यांचं नाव तोंडातून काढायचं नाही. मूल देणार नाही म्हणायचं कुठल्या तोंडानं? आणि लोक म्हणायचे मान आहे हा, सासू-सासऱ्यांनी मागितलं म्हणजे तुझं पोर आवडलं. दूध आटावं म्हणून मी छाती बांधून फिरत होते.

एरमेक म्हणाला, 'बेगायिमला कारखान्यात परत जावंच लागेल. खोली लहान आहे... वहिनींकडे राहिलं तर बरंच.' तो जमिनीकडे बघत होता.

ते मूल मला आई म्हणेल. एरमेक दर शनिवारी येईल, गाडी बिघडो न बिघडो, जन्मभर. दोन्ही मिळणार मला. देवा, दोन्ही!

बेगायिम चहा ओतत राहिली. तिचा चेहरा मी बघितला नाही. म्हणजे बघायचा टाळला.

२६ ऑगस्ट, शनिवार

इंजिन सुरू झालं! आधी खोकलं, मग निळा धूर, मग सुरळीत. कुबातनं बॉनेटवर हात ठेवला, बापाची आठवण आली असणार. बिल शेवटी एकोणतीस हजारांवर गेलं, कारण रेडिएटरही कुजलेला निघाला. वरचे मी घातले. या वेळी सासूबाईंनी अडवलं नाही.

माळ्यावरून पाळणा काढला. लाकडाला कीड नाही. एरमेक याच्यात झोपला होता, माझ्याकडे नाही, तालासला.

१६ सप्टेंबर, शनिवार

मुलगा! काल झाला. आज कुबात गाडी घेऊन बिश्केकला गेला, मीही गेले. दवाखान्याच्या दारात बाळ बाहेर आणलं तेव्हा नर्सनं विचारलं, आजी कोण? मी पुढे झाले. सासूबाई गुडघ्यामुळे घरी राहिल्या होत्या.

नाव तिलेक ठेवलं. मी ठेवलं!

२८ ऑक्टोबर, शनिवार

चाळीस दिवस बाळ बिश्केकला बेगायिमजवळ होतं, आज इकडे आणलं आणि रीतीप्रमाणे चाळीस चमचे पाणी घालून न्हाऊ घातलं. प्रत्येक बाईनं चमचा घातला, सासूबाईंनी पहिला, मी दुसरा. बेगायिमचा कितवा आला कोण जाणे. मग जेवण, गाणी, शेजारणी. दुकानातून पावडरच्या दुधाचे डबे मी आधीच आणून ठेवले होते.

चार वाजता ते दोघं निघाले. कुबात त्यांना बिश्केकच्या व्हॅनपर्यंत सोडायला गाडी काढून उभा. बेगायिमनं काच खाली केली, बाळाला शेवटचं बघायला. मी बाळ घेऊन जवळ गेले. तिनं बोट पुढे केलं, त्यानं ते धरलं. तिच्या झग्याच्या छातीवर ओलं झालं होतं. तिनं शालीनं झाकून घेतलं आणि माझ्याकडे बघून हसली.

काच वर जाईना. खिडकीचा आतला दोरा तुटला असणार, या गाड्यांचं नेहमीचं दुखणं, दीड हजाराला पडतं. कुबातनं दोन्ही तळहातांनी काच वर ढकलायचा प्रयत्न केला, सासूबाईंनी चिंधी दिली कोंबायला. बाहेर बर्फ पडायच्या बेतात. शेवटी तशीच उघड्या खिडकीनं गेली. वळणापर्यंत तिचं डोकं दिसत होतं.

सासूबाई आत जाऊन पडल्या. जेवायला उठल्या नाहीत. मी बाळाला बाटली दिली. आधी तोंड फिरवलं, मग प्यायला लागला.

माझा आहे.

४ नोव्हेंबर, शनिवार

खिडकी कुबातनं मंगळवारीच दुरुस्त करून घेतली, गाडीत आता काहीच बिघडलेलं नाही. तरी दोघं आले. बेगायिमनं हात धुतले आणि बाळाला उचललं. सकाळपासून नुसता किरकिरत होता, तिच्या अंगाला लागला आणि गप्प झाला. मला ते आवडलं नाही.

निघताना तिनं विचारलं, 'जाऊबाई, पुढच्या शनिवारी पण आले तर चालेल का?'

'ये की,' मी म्हणाले. 'पण आल्या आल्या उचलू नकोस. सवय लागते.'

एरमेक काय बोलला, चहा प्यायला की नाही, माझ्या लक्षात नाही.